परिवार कार्ड

स्मितावहिनी लॅबच्या काउंटरवर ओरडल्या नाहीत, हेच इरावतीला जास्त टोचलं. मिरगीच्या औषधासाठीची रक्ततपासणी त्यांनी सासरी कुणालाही न सांगता करून घेतली होती, आणि रिपोर्ट त्यांच्या हाती पडायच्या आत सासूबाईंना सगळं ठाऊक झालं होतं. "तुमच्यातल्याच कुणीतरी सांगितलं," एवढंच बोलून त्या निघून गेल्या.

लॅबचे मालक डॉ. गोपीनाथ यांचा संशय सरळ काउंटरवरच्या अनीशवर गेला. तो जुन्या इंदूरचा, वहिनींच्याच गल्लीतला. त्याला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगतो, असं ते म्हणाले. रिपोर्ट तपासून मंजूर करणाऱ्या इरावतीने एका दिवसाची मुदत मागून घेतली. नाशिकहून ती नुकतीच आली होती; पण संशय तिलाही होताच. अनीशच्या पोटात काही राहत नाही. रोज दोघांच्या पोह्यांवर जिरावन मसाला भुरभुरता भुरभुरता तो अख्ख्या गल्लीच्या भानगडी सांगायचा.

तिने दिवसभर त्याच्यावर नजर ठेवली. तो फोन घेऊन जिन्यात गेला, तशी तीही पाणी प्यायच्या निमित्ताने मागे गेली. तो आईला विचारत होता, भाजी कुठली आणू.

मग तिने कॉम्प्युटर उघडला. तो रिपोर्ट एकाच व्यक्तीने उघडला होता: तिने स्वतः. तिने मंजुरी दिली की तो आपोआप व्हॉट्सॲपवर जातो. गेला होता कुणा प्रतापरावांच्या नंबरवर. तिने अनीशलाच विचारलं, हे कोण?

"वहिनींचे जेठ, थोरले दीर. परिवार कार्ड आहे ना, मॅडमजी, सूट मिळते. त्यावर घरातल्या मोठ्यांचाच नंबर असतो. सगळ्यांचे रिपोर्ट तिकडेच जातात."

"आणि पेशंटला आपण विचारत नाही?"

"कधीच नाही." त्याने स्क्रीनवरचं नाव पुन्हा वाचलं. "म्हणजे आज माझ्या मागेमागे याच्यासाठी फिरत होतात?"

ती तशीच उठून आत गेली. रिपोर्ट आपल्याच मंजुरीने गेला, हे तिने डॉक्टरांना सांगितलं. अनीशची नोकरी राहिली. वहिनींना फोन करून माफी मागायची, तर लॅबकडे त्यांचा नंबरच नव्हता. होता तो जेठांचा.

"घरी जाता जाता मी सांगतो," अनीश म्हणाला.

इरावतीने 'हो' म्हणायला वेळ घेतला. जरा जास्तच.

"अभी भी शक आहे," तो हसून म्हणाला, आणि पोह्यांची पुडी या खेपेला एकट्यानेच उघडली.