गिलावा कोणाचा

सरकारी दवाखान्याच्या बांधकामावर कोणाला किती मजुरी द्यायची, हे कायद्यानंच ठरवून दिलं होतं. बिगाऱ्याचा दर वेगळा, गवंड्याचा वेगळा, आणि गवंड्याचा जवळजवळ दुप्पट. दरांचा फलक फाटकावर लावायचा असाही नियम होता. ठेकेदार नियमाला पक्का. त्यानं फलक लावला आणि त्याच्यापुढं सिमेंटच्या गोण्यांची थप्पी रचली.

कागदावर साइटवरचे चौदाही जण बिगारी होते. गवंडी काय तो एकटा ठेकेदाराचा मेहुणा. ह्या गृहस्थानं जन्मात थापी धरली असेल तर ती पाठ खाजवायला.

खऱ्या भिंती उभारत होता ओळंबा. भिंत सरळ आहे का बघायच्या दोरीच्या वजनावरून पडलेलं हे त्याचं टोपणनाव. वाकडं काही दिसलं की ह्या माणसाला घास उतरत नसे. पाहुणा म्हणून गेला तरी आधी तिथलं कॅलेंडर सरळ करी, मग पाणी पिई. बावीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस, आणि अंगठा रोज बिगाऱ्याच्या हजेरीवर. त्याची बायको त्याच्याच हाताखाली होती.

"अहो, आज कामगार खात्याच्या तपासणीस बाई येतायत," ती सकाळी म्हणाली. "सांगा की सरळ, मी गवंडी म्हणून."

"अगं, आणि उद्या कामावरून काढलं तर?"

ठेकेदारानं तेच बजावलं होतं. जो तोंड उघडेल त्यानं घरचा रस्ता धरायचा. म्हणून ओळंबा डोक्यावर घमेलं घेऊन मुकाट उभा राहिला. मेहुण्याच्या हातात कोरी करकरीत थापी होती.

बाई आल्या. उन्हानं वैतागलेल्या, पण डोळे तिखट. कागद पाहून म्हणाल्या, "एवढी इमारत एकट्या गवंड्यानं बांधली? दाखवा बरं चार विटा लावून."

मेहुण्यानं कोरड्या विटा उचलल्या. भिजवणं वगैरे त्याच्या गावीही नव्हतं. विटेवर वीट, सांध्यावर सांधा. चौथ्या थरापर्यंत भिंत ठेकेदाराच्या पोटासारखी पुढं आली.

ओळंब्यानं मान फिरवली. खोकला काढला. पाचव्या थराला मात्र त्याचा धीर सुटला. त्यानं घमेलं आपटलं, मेहुण्याला बाजूला सारलं, लाथेसरशी ती भिंत आडवी केली आणि भिजल्या विटा घेऊन नवी दोरी लावली. दहा मिनिटांत पाच थर उभे राहिले. ठेकेदार लांबून दातओठ खात होता, पण ओळंब्याला भिंतीपलीकडं काही दिसतच नव्हतं.

"तुम्ही कोण?" बाईंनी विचारलं.

"बिगारी," तो घाबरून म्हणाला.

सगळी साइट खो खो हसली. बाईसुद्धा. मग त्यांनी वहीत त्याचं नाव गवंड्यांत लिहिलं, गेल्या महिन्यांचा फरक द्यायला लावीन म्हणाल्या, आणि ठेकेदाराला सुनावलं, "ह्यांना काढलंत तर पुढचं बिल विसरा." ओळंब्याची छाती अशी फुगली की शर्टाचं बटण जायचं बाकी राहिलं.

बाई आतल्या खोल्यांत गेल्या, मागोमाग सगळी साइट. भिंतींवरून हात फिरवत म्हणाल्या, "गिलावा झकास. हाही तुमचाच?"

"माझाच."

"आणि ह्या?" त्यांनी त्याच्या बायकोकडं बोट केलं.

"ती होय? ती बिगारी. माल कालवते."

शब्द तोंडातून गेला आणि त्यानं जीभ चावली. ठेकेदारानं त्याचं जे केलं होतं, तेच तो बायकोचं करून बसला होता.

बायकोनं कमरेला हात लावले. "मॅडम, चारी खोल्यांचा गिलावा माझा आहे. ह्यांच्या हातचा टिकत नाही. पोपडे पडतात."

आता कोणी हसलं नाही. तेरा माणसं, ठेकेदार आणि तो मेहुणा, सगळे ओळंब्याच्या तोंडाकडं बघत होते. गवंड्याला गिलावा जमत नाही हे चारचौघांत कबूल करायचं! नाही म्हटलं असतं तर बाईंनी त्याच्यावरच विश्वास ठेवला असता.

"खरं आहे," तो म्हणाला. "मला नाही जमत. गिलावा हिचाच आहे. आमच्या घराचासुद्धा हिनंच केलाय."

बाईंनी वहीतलं गवंड्यांचं पान पुन्हा उघडलं आणि बायकोला विचारलं, "नाव सांगा."

तिनं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, स्पष्ट आणि मोठ्यानं. साइटवर ते त्या दिवशी सगळ्यांनी पहिल्यांदाच ऐकलं.