कॉफीनंतरची ओळ

मित्रांनो, ज्याच्यावर पाय ठेवण्याआधी लोक आपणहून बूट काढायचे, असा मी एक जुना गालिचा आहे. दूरच्या एका गिरणीत मी तयार झालो आणि ट्रकमधून फ्रेस्नो शहरात आलो. मिसाकने मला त्याच्या गालिच्यांच्या दुकानात दारापासून गल्ल्यापर्यंत अंथरलं. "डोळ्यांना नको, पायांना विचारा," असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणायचा. मग माणसं माझ्यावरून अनवाणी फिरायची आणि अगदी असाच गालिचा हवा म्हणून हटून बसायची. मला भारी ऐट वाटायची.

आमच्या आर्मेनियन वस्तीत सौद्याची एक रीत होती. आधी भाव, मग हातात हात, मग मिसाकच्या बायकोने, वेर्झिनने, छोट्या कपांतून आणलेली दाट कॉफी. कॉफी झाल्यावर पैशाचा विषय काढायचा नाही. काढणारा माणूस हलका ठरायचा.

पुढे राज्यात कायदा आला. जुने गालिचे कचऱ्यात गाडले जाऊ नयेत, त्यांचं पुन्हा काहीतरी व्हावं, म्हणून प्रत्येक नव्या गालिच्यावर फी लागली. चौरस यार्डामागे काही सेंट. ती भावात मिसळायची नाही, बिलावर वेगळ्या ओळीत दाखवायची, असा नियम. मला वाटलं, चला, आपल्या म्हातारपणाची कुणीतरी सोय केली.

वेर्झिन सांगून सांगून थकली. "भाव बोलतानाच फीचंही सांगून टाक की. तोंड झिजतं का तुझं?"

"सरकारची चिल्लर मी घरच्यासारख्या माणसांकडे मागत बसू? बिलात दिसेलच."

"बिल कॉफीनंतर येतं, शहाण्या."

मिसाकने ते हसण्यावारी नेलं. तिथेच त्याचं चुकलं.

ऑनिग हा मिसाकचा शाळेपासूनचा दोस्त, बेदाण्यांच्या मळ्याचा मालक. त्याच्या घरात कायम मिसाकचाच गालिचा असायचा. मुलीच्या नव्या घरासाठी तो आला. भाव ठरला, हात मिळाले, कॉफी झाली. मग त्याने बिल चष्म्याजवळ धरलं.

"ही शेवटची ओळ कसली?"

"सरकारची फी. माझ्या खिशात त्यातला एक सेंट जात नाही."

"मग आधी का नाही बोललास?"

"एवढ्याशा पैशांचं काय बोलायचं?"

"एवढेसेच आहेत ना? मग कॉफी पाजून गुपचूप कशाला लावलेस?" ऑनिग उठला. "परक्याने केलं असतं तर हसून दिले असते रे."

बिल तिथेच टाकून तो निघून गेला. त्याच्या मुलीकडे गालिच्याऐवजी जमिनीवर व्हिनाइलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, पट्ट्या बसल्या. त्यांच्यावर ही फी नव्हती. रविवारी चर्चच्या अंगणात बातमी फिरली की मिसाक कॉफीनंतर भाव वाढवतो. लोकांना फी परवडत नव्हती असं मुळीच नाही. पण त्या ओळीवर बोट ठेवून जो तो पट्ट्यांच्या दुकानाकडे वळू लागला. माझ्यावरून लोक आता बुटांनीच चालायचे, भाव विचारायचे आणि जायचे. नंतर तेही येईनासे झाले.

मिसाक ऑनिगकडे गेला नाही. "तो येईल," म्हणायचा. तिकडे ऑनिगही हेच म्हणत असेल. एक दिवस वेर्झिनने कॉफीचं भांडं घरी नेलं, तेव्हा मला कळलं की दुकान उठणार.

शेवटच्या दिवशी मिसाकने मला स्वतःच्या हातांनी उखडायला घेतलं. माझे कोपरे सुटेनात. सुटावं असं मला वाटतच नव्हतं. तेवढ्यात रस्त्यापलीकडे ऑनिगची गाडी येऊन थांबली. काच अर्धी खाली आली. मिसाक गुडघ्यांवर बसून नुसता बघत राहिला.

"जा ना," वेर्झिन म्हणाली.

"आधी त्याने उतरावं."

काच वर गेली. गाडी निघून गेली. मिसाकने माझ्यात तोंड खुपसलं आणि तो लहान मुलासारखा रडला.

आता मी ट्रकमध्ये गुंडाळून पडलो आहे. माझे धागे सोडवून नवं काहीतरी बनवणार म्हणे, आणि खर्च त्याच फीतून निघणार. मित्रांनो, फीवर राग धरू नका, ती भल्यासाठीच आहे. फक्त जे सांगायचं ते आपल्या माणसाला आधी सांगा, आणि चुकलंच तर उठून रस्ता ओलांडा. झिजलेल्या गालिच्याचं पुन्हा काहीतरी करायची सोय सरकारने केली आहे. त्या दोघांसाठी कुणीच काही केलेलं नाही.