माझ्या पाठीतला तांदूळ

मी ग्रामपंचायतीच्या कचेरीतला जुना कॉम्प्युटर बोलतोय. सध्या मुक्काम कपाटामागे, मोडक्या पंख्याशेजारी. वर्धा जिल्ह्यातल्या या गावाला सात वर्षं मी दाखले दिले. तेव्हा कौतुक कुणी केलं नाही, पण जरा अडलो की सगळं गाव माझा उद्धार करायचं.

गेल्या दसऱ्याला आमच्या शिपाई कौशल्याबाईंनी मला पुसलं. मागच्या वायरी काढून धूळ झटकली, हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या. "वर्षभर चालजो रे बाप्पा," म्हणाल्या. त्यातला एक तांदूळ माझ्या पाठीतल्या नेटची वायर खोचायच्या भोकात पडला आणि त्यावरच त्यांनी वायर दाबून बसवली.

झालं! नेट दोन मिनिटं यायचं नि जायचं. कैलास मेकॅनिक आला. त्यानं वायर बदलली, नेटची डबी बदलली, मला दहादा बंद-चालू केलं. त्याचा लॅपटॉप मात्र त्याच वायरीवर सुरळीत चालला. "वायरीत काई नाई मावशी, हाच बुढा झाला," म्हणून तो गेला. अरे भल्या माणसा, एकदा मागं बॅटरी मारून बघ की! पण मला कुठं तोंड आहे?

त्याच आठवड्यात भागाबाई आल्या. त्यांची नात चंचल हिचं नर्सिंगच्या यादीत नाव लागलं होतं. रहिवासी दाखला तेवढा शुक्रवारपर्यंत हवा होता. हातानं लिहिलेला चालत नव्हता आणि सचिवांची ऑनलाइन सही फक्त माझ्यातच होती. शुक्रवारी दोघी सकाळपासून बाकावर बसून होत्या.

"काऊन वो, अजून नाई आलं?" भागाबाईंनी विचारलं.

"येऊन राह्यलं न बाई. फिरून राह्यलं पाय ते चाक," कौशल्याबाई म्हणाल्या.

माझ्या पडद्यावरचं ते चाक संध्याकाळपर्यंत फिरलं. मी जीव तोडून ओढत होतो हो, खरंच! चंचल डोळे पुसून आजीचा हात धरून निघाली.

मग नवा कॉम्प्युटर आला. कैलासनं मला उलटं केलं तेव्हा कुंकवानं लाल झालेला दाणा टेबलावर पडला. कौशल्याबाईंनी तो उचलला आणि दसऱ्याची अक्षता ओळखली. पुढं भागाबाई रेशनच्या कामाला आल्या तेव्हा त्यांचे हात धरून त्या रडल्या. "माह्याच हातानं पोरीचं नुकसान झालं वो."

"तुवं त पूजाच केली न बाई," भागाबाई म्हणाल्या. "पण आता तिचं लगन जुळलं."

माझं आता भंगारच व्हायचं. त्याचं दुःख नाही. फक्त एवढंच मागतो, कुणाला बुढा ठरवण्याआधी जरा नीट बघत जा.

परवा चंचल आली, गळ्यात नवी पोत. लग्नाच्या नोंदणीचा दाखला हवा होता. नव्या कॉम्प्युटरनं तो मिनिटभरात छापला.

"इतक्या लवकर होते?" तिनं विचारलं.

कौशल्याबाई पाणी आणते म्हणून बाहेर गेल्या. चंचल जाईपर्यंत काही आत आल्या नाहीत.