न पडलेला कौल

सुगंधा नळावरून घागर घेऊन वर आली, तेव्हा तिच्या दारापासून वीस पावलांवर सगळी आळी गप्प उभी होती. बोरिवलीच्या पूर्वेला, नॅशनल पार्कच्या भिंतीखालच्या त्या टेकडीवर भर दुपारी कधी कोणी गप्प नसे. शेजारच्या माणिकनं पुढे येऊन आधी तिच्या कमरेवरची घागर उतरवली.

"ओरडू नकोस," माणिक म्हणाली. "वाघ आत आहे."

"कोणाच्या?"

माणिकनं तिच्याच दाराकडे बोट केलं.

कुत्र्यामागे उतरलेला बिबळ्या लोकांच्या गोंगाटानं बिथरला आणि पहिलं उघडं दार दिसलं त्यात शिरला. ते दार सुगंधाचं होतं. आत, वाशाला बांधलेल्या झोळीत, तिची आठ महिन्यांची चंपा झोपली होती. गिरणीचा संप फिसकटल्यापासून नवरा अंधेरीला एका कारखान्यात पहारेकरी होता. तो संध्याकाळशिवाय यायचा नाही. आळीतला काशीराम नॅशनल पार्कच्या गेटावरून वनखात्याची माणसं आणायला धावला होता, त्याचा अजून पत्ता नव्हता.

"मी खिडकीच्या जाळीतून बघितलं," माणिक म्हणाली. "खाटेखाली बसलाय. झोळी अलीकडे. मध्ये दोन हातांचं अंतर असेल. पोरगी झोपलीय."

"आता उठेल," सुगंधा म्हणाली.

चंपा उठली की आधी पाय झाडी. झोळी हले. मग ती रडे. सुगंधा पाल दिसली तरी खाटेवर चढून बसणारी बाई. तिनं गुणाजीमामांकडे पाहिलं.

आळीत मालवणकडची बारा घरं होती, आणि गावाहून आणलेला राखणदाराचा दगड उंबराखाली होता. बाळंतपण असो की पोराची नोकरी, गुणाजीमामांनी गाऱ्हाणं घालून कौल घेतल्याशिवाय कोणी पाऊल उचलत नसे. दगडाच्या दोन अंगांना दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही.

"मामा, घाला गाऱ्हाणं," ती म्हणाली. "विचारा, मी आत जाऊ का?"

मामा दगडापुढे उभे राहिले. एरवी त्यांचा आवाज खालच्या रस्त्यापर्यंत जाई. आज ते पुटपुटले, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरार जो बाका प्रसंग इलो आसा, तो दूर कर आनि पोराक राखून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," बारा घरांतली माणसं कुजबुजली.

मामांनी पाकळ्या लावल्या. सगळे बघत राहिले. उजवी हलेना, डावी हलेना. ऊन दगडावर होतं, तरी दोन्ही पाकळ्या तशाच.

"देव बोलना नाय," मामा म्हणाले. "थांब गो बाय."

"किती थांबायचं?" माणिक फणकारली. "तुमचा देव सावकाश बोलेल हो. पोरगी थांबणार आहे का?"

सुगंधाचं लक्ष मामांच्या अंगठ्याकडे गेलं. पाकळीचा हिरवा-पांढरा चोथा त्याच्या नखात बसला होता. मामांनी पाकळ्या टेकवल्या नव्हत्या, चेचून बसवल्या होत्या. त्या संध्याकाळपर्यंत पडल्या नसत्या. ती त्यांच्या तोंडाकडे पाहू लागली, तशी मामांनी मान खाली घातली. 'जा' म्हणायची त्यांची छाती नव्हती, आणि 'जाऊ नको' म्हणायचीही.

तिला राग आला नाही. उलट दगडाचीच कीव आली. इतकी वर्षं सगळ्यांनी त्याला फक्त विचारलं होतं, आणि उत्तर येईतो आपण मागेच उभे राहिले होते. राखणदार तो. पण कोणी पाऊलच उचललं नाही, तर तो राखणार कोणाला?

घरातून झोळीचा दोर करकरला.

"मी जाते," ती दगडाला म्हणाली. "तू ये."

माणिक तिच्याबरोबर दारापर्यंत आली. "तुझ्या देवाचं मला काय माहीत नाय," ती कानाशी म्हणाली. "पण दार मी धरते. तू बाहेर आलीस की ओढते. पळू नकोस हां."

आत अंधार आणि उग्र वास होता. डोळे सरावले तसे तिला खाटेखाली दोन हिरवट ठिपके दिसले. ते हलत नव्हते. तिला गाऱ्हाण्याचे शब्द आठवायचे होते, एकही आठवेना. पायातली जोडवी फरशीवर वाजली. तिनं पायाची बोटं आवळून धरली. मागायचं काय तेही सुचेना, तेव्हा ती मनात नुसतं "व्हय म्हाराजा" म्हणाली. एक पाऊल. पुन्हा "व्हय म्हाराजा." आणखी एक.

चंपा जागी होती. आईला बघून ती हसली आणि तिनं पाय झाडला. खाटेखालून घरघर आली, खोल, जमिनीतून आल्यासारखी. सुगंधानं झोळीत हात घातला, पोरीला उचललं, तिचं तोंड छातीशी दाबलं. रिकामी झोळी हलू नये म्हणून दुसऱ्या हातानं ती धरली, स्थिर केली, सोडली. मग पाठ न फिरवता मागे सरकली. सहा पावलांचं घर. उंबरा टाचेला लागला.

माणिकनं दार ओढलं. सुगंधानं कडी घातली. त्याच क्षणी आतून फळ्यांवर धाडकन आदळलं, आणि आळी किंचाळली.

लोक आले, कोणी चंपाला घेतलं, कोणी बांबू आडवे लावले. सुगंधा मात्र कडी धरून तशीच उभी. बोटं सुटेनात. शेवटी गुणाजीमामा आले आणि एकेक बोट उलगडू लागले.

"सोड गो बाय. सोड आता."

"मामा, तो आत आहे अजून."

"आसा," मामा म्हणाले. "पन तुमी दोगी भायर आसास."