काळ्या मिशीची होडी

मी एक जुनी होडी आहे आणि मला डोळे आहेत. पुढच्या टोकाला उजव्या-डाव्या अंगावर लाकडात कोरलेले, निळ्या बुबुळांचे दोन डोळे. आमच्या माल्टात होडी डोळ्यांशिवाय पाण्यात घालत नाहीत. आंधळीच्या भरवशावर समुद्रात कोण जाणार? शिवाय मला मिशीही आहे. हसू नका, मित्रांनो. बाईमाणसाला मिशी कशी, हे तुमच्याआधी हजारो प्रवाशांनी विचारून झाले आहे आणि प्रत्येकाला वाटले की हा विनोद पहिल्यांदा आपल्यालाच सुचला. डोळ्यांच्या वर जो रंगाचा रुंद पट्टा असतो, त्याला आम्ही मिशी म्हणतो. गावागावाची मिशी वेगळी, आमच्या सान पावलची लाल. घरातले कुणी गेले की ती काळी करतात. वर्ष सरले की पुन्हा लाल. माझी सारी कहाणी या वीतभर रुंदीच्या पट्ट्याची आहे.

मला मास्त्रू वेन्झूने बांधले. मास्त्रू म्हणजे आमच्याकडचा जुना कसबी सुतार. कागदावर रेघ न मारता त्याने एका हिवाळ्यात माझ्या फासळ्या उभ्या केल्या, फळ्या जोडल्या आणि सगळ्यांत शेवटी डोळे कोरले. बुबुळे मात्र त्याने मालक येईपर्यंत भरली नाहीत. होडीने पहिल्यांदा आपल्या माणसाचे तोंड बघावे, अशी त्याची पद्धत. म्हणून मला या जगात पहिल्यांदा दिसला तो चेन्सू. उन्हाने भाजलेला, समोरचे दोन दात नसलेला, आणि माझ्याकडे बघून लाजल्यासारखा हसणारा.

चेन्सू कोळी होता. शरद ऋतूत आमच्याकडे लाम्पुकी मासे येतात. त्यांना सावली आवडते. म्हणून चेन्सू ताडाच्या झावळ्यांचे तराफे बांधून दूर समुद्रात सोडून देई, आणि त्यांच्या सावलीला मासे जमले की खालून जाळे फिरवी. तेवीस वर्षे मी ते तराफे वाहिले आणि मासे आणले. समुद्रावर तो माझ्याशी इतके बोलायचा की घरी पोहोचेपर्यंत त्याचे शब्द संपलेले असत. त्याची बायको कार्मनी धक्क्यावर उभी राहून टोमणा मारी, "घरी येतोस कशाला? तिच्यातच झोप की. मी आपली तुम्हा दोघांचं धुणं धुते."

पण तिचा माझ्यावर राग नव्हता. दर वसंतात मला किनाऱ्यावर ओढून रंगवत. अंगाचा निळा-पिवळा रंग चेन्सू द्यायचा, मिशी मात्र कार्मनीची. डोक्याला फडके बांधून, जीभ दातांत धरून, एक थेंब न सांडता ती लाल पट्टा ओढायची. दोन वेळा तिनेच तो काळा केला, आधी सासऱ्यासाठी आणि नंतर सासूसाठी. दोन्ही वेळा चर्चमध्ये वर्षाची मिस्सा, म्हणजे मृतासाठीची प्रार्थना, झाली त्याच दुपारी तिने तो परत लाल केला. वर्ष उलटूनही मिशी काळी राहिली तर होडी घरातले आणखी एक माणूस मागते, असे गावातल्या म्हाताऱ्या सांगत. चेन्सू या बोलण्याला हसायचा. कार्मनी हसत नसे.

पुढे मासे कमी झाले. चेन्सूचे गुडघे गेले. मुलगा लेली मोठा झाला, आणि त्याचे डोके समुद्रापेक्षा धक्क्यावरच्या गर्दीकडे जास्त चाले. एके दिवशी तो म्हणाला, "मासे पकडायला मासे लागतात, बाबा. माणसं बघा किती येताहेत." त्याचे खोटे नव्हते. माझ्यात बाके ठोकली गेली, वर ताडपत्री आली, मास्त्रू वेन्झूने नुसत्या नजरेने वाकवलेल्या फळीला भोक पाडून कर्णा बसवला गेला. आणि मी केमूनाच्या सफरीची होडी झाले.

केमूना म्हणजे जिऱ्याचे बेट. पूर्वी तिथे रानजिरे उगवायचे. चेन्सू वर्षातून एकदा, सांता मारियाच्या सणाला, बायकोपोराला तिथे न्यायचा. तेव्हा त्या निळ्या पाण्यात आम्ही एकटेच असायचो. कार्मनी पाव कापून त्यात टोमॅटो, मासा आणि ऑलिव्ह भरायची, लेली पाण्यात बुडी मारून तळाची वाळू मुठीत आणून दाखवायचा. आता मी रोज दहा वाजता बावीस माणसे घेऊन निघते. गुहा दाखवते, बुरूज दाखवते, मग त्याच निळ्या पाण्यात चाळीस होड्यांच्या गर्दीत अंग चोरून उभी राहते. झावळ्यांच्या सावलीला लाम्पुकी जमत तशी माणसे त्या रंगाला जमतात. किनाऱ्यावर कोरलेल्या अननसातून सरबत देतात. आमच्या बेटावर अननस कधी पिकला नाही. पिऊन झाले की ती रिकामी फळे पाण्यात फेकतात आणि ती दिवसभर माझ्या अंगावर आपटत राहतात.

पहिल्या उन्हाळ्यात चेन्सूही यायचा. इस्त्रीचा सदरा घालून मागच्या बाजूला बसायचा आणि लोक त्याचे फोटो काढायचे. दोन आठवड्यांत त्याने यायचे सोडले. कर्ण्याच्या आवाजात आपल्याला होडीचे ऐकू येत नाही, असे तो कार्मनीला म्हणाला म्हणे. त्यानंतर तो धक्क्यावरच्या बाकावर बसून माझ्याकडे बघायचा, आणि मी त्याच्याकडे.

पुढच्या फेब्रुवारीत तो गेला. घरात, खुर्चीत बसल्या बसल्या, समोर आल्योत्ताचा, म्हणजे आमच्याकडच्या माशांच्या साराचा, वाडगा निवत असताना. दुसऱ्या दिवशी कार्मनी काळ्या रंगाचा डबा घेऊन आली. पट्टा नेहमीसारखाच सरळ आला. लेली बाजूला उभा होता. रडत होता, ते मी पाहिले आहे. त्याचे बापावर प्रेम नव्हते असे मी म्हणणार नाही. म्हटले असते तर ही कहाणी सोपी झाली असती.

लेलीला भीती होती की काळी मिशी बघून गिऱ्हाईक बिचकेल. झाले उलटेच. प्रवाशांना माहिती सांगायला रोमीना नावाची मुलगी होती. मोसमाच्या पहिल्याच दिवशी एका बाईने तिला काळ्या पट्ट्याबद्दल विचारले. रोमीनाने खरे ते सांगितले, की मालक गेला, म्हणून होडी सुतकात आहे. कुणीतरी डोळे पुसले. उतरताना एकेकाने माझ्या मिशीला हात लावला. लेली सुकाणूवरून ते सगळे बघत होता.

दुसऱ्या दिवसापासून ती गोष्ट सफरीत बसली. मोठ्या गुहेपाशी इंजिन बंद करायचे आणि सांगायची. महिनाभरात गोष्टीत वादळ आले. मग बुडालेले जाळे आले. मग चेन्सू तीन दिवस लाटांशी झुंजला, आणि मी रिकामी, एकटी, वाट काढत गावात परतले. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ना, तसे. जिवंतपणी ज्याला कर्ण्याने होडीतून उठवले, तो मेल्यावर त्याच कर्ण्यातून रोज बुडू लागला. धक्क्यावर फलक लागला, 'काळ्या मिशीच्या होडीतून केमूनाची सफर'.

वर्ष सरले. मिस्सा झाली. त्या दुपारी कार्मनी लाल डबा आणि कुंचला घेऊन किनाऱ्यावर आली. लेलीने तिचा हात प्रेमाने धरला.

"आई, हा एक मोसम राहू दे. लोक काळी मिशी बघायला येतात गं."

"कुठले लोक? त्यांचं कोण मेलंय?"

लेलीने ऑक्टोबरचा वायदा केला. ऑक्टोबर आला तेव्हा पुढच्या वर्षाचे फलक छापून झाले होते. कार्मनीने भांडण केले नाही. मात्र ती रोज धक्क्यावर यायची आणि लेली सुखरूप परत आला की घरी जायची. तिच्या मनात काय होते ते मला कळत होते. होडी आणखी एक माणूस मागते, आणि घरात उरले होते ते दोघेच.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत लेली इंजिनाचा भाग आणायला गेलेला असताना ती एकटीच आली. डोक्याला फडके बांधले, माझ्या उजव्या डोळ्याच्या वर कुंचला टेकवला आणि लाल रंग ओढू लागली. मित्रांनो, त्या ओल्या रंगाचा गारवा मला आजही आठवतो. वीतभर झाले असेल, तेवढ्यात लेली आला. तो ओरडला नाही. त्याने तिच्या हातातून कुंचला काढून घेतला. उद्या फोटो काढायला माणसे येणार आहेत, एवढेच बोलला. आणि तिच्यादेखत त्या वीतभर लालावर काळा हात फिरवला. ती पाहत राहिली. मी तर पाहतच असते, मला पापण्या नाहीत.

जूनमध्ये एका सकाळी कार्मनी प्रवाशांच्या रांगेत उभी राहिली. चर्चला जायचा काळा पोशाख, हातात पिशवी. माझ्यात चढून पहिल्या बाकावर बसली. रोमीनाचा चेहरा पडला. गुहेपाशी इंजिन बंद झाले तेव्हा तिने लेलीकडे बघितले. सांग, अशी त्याने मानेने खूण केली. तिने मान खाली घालून सांगितले, वादळ, जाळे, तीन दिवस, सगळे. कार्मनी पिशवी मांडीवर धरून आपल्या नवऱ्याचे मरण ऐकत होती. गोष्ट संपल्यावर ती वळली आणि लेलीशी आमच्या भाषेत बोलली. आवाज चढवला नाही.

"तो खुर्चीत गेला, लेली. आल्योत्ता निवत होती. तूच त्याला उचलून खाटेवर ठेवलंस. विसरलास?"

प्रवाशांना आमची भाषा येत नव्हती. आजी काय म्हणाल्या, असे कुणीतरी कौतुकाने विचारले. लेलीने कर्ण्याचा माइक तोंडाशी धरला आणि सांगितले की आजी तुम्हा सगळ्यांचे आमच्या बेटावर स्वागत करतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कार्मनीनेही, काय करावे ते न कळून, मान लववली. इतक्या वर्षांच्या समुद्रात मला कधी बुडावेसे वाटले नव्हते. त्या दिवशी वाटले.

परत आल्यावर सगळे उतरून गेले तरी ती माझ्यापाशी थांबली. माझ्या उजव्या डोळ्यावर तळवा ठेवून हळूच म्हणाली, "घ्यायचंच असेल कुणाला, तर माझ्याकडे बघ. त्याच्याकडे बघू नकोस."

मी लाकडाची आहे, मित्रांनो. मी कुणाला मागत नाही, कुणाला नेत नाही. हे तिला सांगायला मला तोंड हवे होते. मला मिशी दिली, तोंड दिले नाही.

त्याच हिवाळ्यात कार्मनी गेली. छाती भरली आणि आठ दिवसांत आटोपले. दफनाच्या दुसऱ्या दिवशी लेली माझ्याकडे आला. हातात काळ्या रंगाचा डबा होता. त्याने झाकण काढले, कुंचला बुडवला, हात वर नेला आणि तसाच थांबला. रंगवायला काही नव्हते. मिशी आधीच काळी होती. आईसाठी त्याच्याकडे काळा रंग होता, पण तो लावायला जागा नव्हती. कुंचल्यावरचा रंग वाळूत गळत राहिला. मग तो माझ्या अंगाला टेकून खाली बसला आणि लहान असताना पाण्याखालून वाळू आणायचा तशी त्याने दोन्ही मुठींत वाळू घट्ट धरली. उठताना त्याने काळ्यावर काळा हात फिरवला. कुणाला काही फरक दिसला नाही. मलाही नाही.

रोमीना काम सोडून गेली. आता तिच्याच आवाजातली गोष्ट यंत्रातून वाजते. तीत वादळ आहे, तीन दिवस आहेत. कार्मनी नाही.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली हकिगत संपवताना सांगतात की आमची काळजी घ्या. मला ते सांगायची गरज नाही. माझी उत्तम निगा राखली जाते. दर वसंतात मला रंगवतात, डोळे उजळतात, मिशीला ताजा काळा हात देतात. सुतक इतके चांगले जपलेली होडी साऱ्या माल्टात दुसरी नसेल.

माझे मागणे वेगळे आहे. कधी केमूनाच्या सफरीला आलात, तर माझ्या उजव्या डोळ्याच्या वर बघा. ऊन आणि खारे पाणी यांनी तिथला रंग जरा उकलला आहे आणि काळ्याखालून थोडे लाल डोकावते. त्याचा फोटो काढू नका. कर्ण्यातली गोष्ट संपली की सुकाणूवर बसलेल्या माणसाला फक्त एवढेच विचारा, हा काळा रंग कुणासाठी? तो वादळाचे सांगू लागेल. तुम्ही पुन्हा विचारा. तो 'आईसाठी' म्हणेपर्यंत विचारा.