कपाळावरचं विमान

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. माझ्या काचेच्या वरच्या कोपऱ्याला तडा आहे आणि पाठीवर रबरबँडचे वळ. वळ कौतुकाच्या दिवसांचे आहेत. तड्याचं पुढे सांगतो.

कारखान्यातून निघालो तो एका सूनबाईच्या हाती आलो. तिचे सासरे वेताच्या खुर्च्या विणत. दुकानाच्या पाटीवर रंगवलेला नंबर माझाच. गिऱ्हाईक आटलं, तेव्हा ती म्हणाली, "मामंजी, आपण व्हिडिओ टाकू. खर्च काही नाही."

"या वयात मला नाचवणार का गं?"

"तुम्ही नुसतं विणा. बोटंच नाचतात तुमची."

रबरबँडने मला स्टुलाच्या पायाला बांधलं. उजेडासाठी खिडकीसमोर पांढरी चादर टांगली. वायफाय शेजारच्या शिंप्याचं. एकदा ऐन विणकामात आत्याबाईंचा फोन आला आणि चित्रण वाया गेलं. तेव्हापासून सूनबाई चित्रणाआधी फ्लाइट मोड लावी. माझ्या कपाळावर चिमुकलं विमान उमटे. काम झालं की ती ते पुसे.

एकाने व्हिडिओखाली लिहिलं, 'म्हाताऱ्याचे हात थरथरतात, खुर्ची काय टिकणार?' सासऱ्यांनी त्या दिवशी वेताला हात लावला नाही. सूनबाईने लोकांचं लिहिणंच बंद करून टाकलं.

मग घरमालकाने विचारलं, "महिनाअखेरीला सांगा, जागा ठेवता की सोडता?"

सासरे म्हणाले, "शेवटचा एक व्हिडिओ करू. एक जरी काम आलं तर ठेवू."

त्यांनी झुलत्या खुर्चीचं आसन विणलं. शेवटी माझ्याकडे बघून लाजत म्हणाले, "फोन करा. मी दुकानातच असतो." तेवढ्यात वेताचं टोक त्यांच्या बोटात घुसलं. धावपळीत मी स्टुलासकट पडलो, काच तडकली. बोटाला पट्टी बांधून सूनबाईने घाईने शिंप्याचं वायफाय जोडलं आणि खाली माझा नंबर लिहून व्हिडिओ टाकला. विमान मात्र तसंच राहिलं, नेमकं तड्याखाली.

बघणारे वाढत गेले. म्हणजे फोन ठीक आहे, असं तिला वाटलं. येणाऱ्या गिऱ्हाइकाला फोन मोकळा मिळावा म्हणून तिने स्वतः कुणाला फोनही लावला नाही. सासरे रोज मला बाहीने पुसून शेजारी ठेवत.

"वाजत कसा नाही हा? आवाज वाढव बघू."

"आवाज पूर्ण आहे, मामंजी."

मित्रांनो, मला सगळं ठाऊक होतं आणि तोंड नव्हतं.

महिना सरला. जागा सोडली. वेत भिजवायचा टब आणि हत्यारं भंगारवाल्याने नेली. उरलेल्या सामानासाठी सूनबाई टेम्पोवाल्याला फोन लावू लागली. लागेना. तिने मला डोळ्यांजवळ धरलं आणि तड्याखालचं विमान तिला दिसलं.

ते पुसताच न लागलेल्या फोनांचे निरोप माझ्यावर एकामागून एक आदळू लागले. ती भिंतीला टेकून खाली बसली.

"कुणाचे गं एवढे?" सासऱ्यांनी विचारलं.

"कंपनीचे असतात, मामंजी. जाहिराती."

मित्रांनो, आम्ही पडलो, तडकलो तर उचलून नीट निरखून बघा. आमच्या तड्यात तुमचं काय अडकलंय, ते आम्हाला सांगता येत नाही.

तेवढ्यात मी वाजलो. रिकाम्या दुकानात केवढ्याने तरी वाजलो. आवाज पूर्ण होता. सासऱ्यांनी वेताचा व्रण राहिलेल्या हाताने मला कानाला लावलं.

"वेताच्या खुर्च्यांचं दुकान ना?" पलीकडून कुणी विचारलं.

सासऱ्यांनी रिकाम्या भिंतींकडे पाहिलं. "नाही," ते म्हणाले, "राँग नंबर."