खंडेनवमीची पाटी

शिवू पाच वर्षांचा झाला तरी त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. डॉक्टरांनी त्याला नाव दिलं ऑटिझम, विशेष मुलांच्या केंद्रातल्या वैजयंती मॅडम स्वमग्न म्हणायच्या. शिवयोगींना दोन्ही नावांचा उपयोग नव्हता. त्यांना एवढंच कळत होतं, की तहान लागली की नातू रडतो, भूक लागली तरी तसाच रडतो, पोट दुखलं तरी तसाच, आणि आपण घरभर चाचपडत राहतो.

पोराचा बाप पुण्याला गाडीवर ड्रायव्हर होता. सून दाक्षायणी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात सकाळी जायची, ती दिवेलागणीला यायची. दिवसभर घरात शिवू आणि त्याचा अज्जा, दोघंच. जन्मभर यंत्रमागावर चादरी विणून शिवयोगींचे कान निम्मे गेले होते.

"एकाला बोलता येत न्हाय, दुसऱ्याला ऐकू येत न्हाय. जोडी लई झकास जमलीया की," दाक्षायणी म्हणायची. हसायची खरी, पण लगेच ओट्याकडे तोंड फिरवायची.

उन्हाळ्याच्या तोंडाला वैजयंती मॅडमनी केंद्रातला एक टॅबलेट घरी वापरायला दिला. त्यांनी घरातल्याच वस्तूंचे फोटो काढून त्यात बसवले होते. तांब्यावर बोट ठेवलं की आतून बाईचा आवाज यायचा, "पाणी." भाकरीवर ठेवलं की "भाकरी." चादरीच्या झोळीवर ठेवलं की "झोका." शिवयोगींचाही फोटो होता, टोपी सरळ करून काढलेला. त्यावर बोट ठेवलं की "अज्जा."

"आजोबा, एकच गोष्ट ध्यानात ठेवा," मॅडम त्यांच्या कानाशी येऊन म्हणाल्या. "त्यानं बोट लावलं की ती वस्तू लगेच द्यायची. आणि हा टॅबलेट कायम त्याच्या हाताशी ठेवायचा. हा त्याचा आवाज आहे."

"पाटीला बोलायला येतंय, आन् आमच्या पोराला न्हाय," शिवयोगी टॅबलेटकडे बघत म्हणाले. "बगू काय करतीया."

पण त्यांनी मनापासून केलं. माजघरात खांबापाशी शहाबादी फरशीवर पाटीची जागा ठरवली. मागावर नवा गडी आला की त्याचा हात हातात धरून तुटलेला धागा जोडायला शिकवतात, तसं ते शिवूचं बोट धरायचे, तांब्यावर टेकवायचे, "पाणी" ऐकू आलं की पेला पुढे करायचे. शिवू नुसता उजेडाकडे बघायचा. कधी काच चाटायचा. उन्हाळा सरला, पावसाळाही निम्मा गेला. गणपती बसले त्या सुमारास एका दुपारी शिवू आपण होऊन खांबापाशी गेला आणि त्याने तांब्यावर बोट ठेवलं.

"पाणी."

शिवयोगी उठले ते धडपडतच. निम्मं पाणी वाटेतच सांडलं. संध्याकाळी दाक्षायणीला खरं वाटेना, तर पोराने तिच्यासमोर पुन्हा मागितलं. प्यायला, आणि पुन्हा मागितलं.

"आज अंथरूण भिजवतंय बगा हे," ती म्हणाली, आणि पुन्हा पेला भरला.

"अजून कच्चं आहे. जपा," मॅडम म्हणाल्या. "हे टिकलं तर यामागून सगळं येईल."

पुढे खंडेनवमी आली. कारखान्यात शिलाई मशिनींची पूजा होती म्हणून दाक्षायणी लवकर गेली. शिवयोगींनी घरची पूजा मांडली. मागावरचा जुना धोटा, कात्री, विळी, अडकित्ता. मग त्यांची नजर पाटीवर गेली. घरात सध्या खरं काम करणारं हत्यार तेच. त्यांनी ती पुसली, पाटावर ठेवली, काचेवर हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. आणि पूजलेल्या हत्याराला दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही. त्या दिवशी मालकाने रोजी दुप्पट देतो म्हटलं असतं तरी शिवयोगींनी माग चालू केला नसता. विसावा न दिलेलं हत्यार उलटतं, हे त्यांच्या हाडात बसलेलं.

शिवू आला आणि पाटाकडे हात नेला. त्यांनी तो हळूच बाजूला केला.

"आज न्हाय बाळा. आज तिला सुट्टी."

पोराने फूल उडवलं. शिवयोगींनी पाटी उचलून देवाच्या फळीवर उंच ठेवली आणि हात जोडले.

शिवू खांबापाशी गेला. पाटी रोज जिथे असायची तिथे बसला आणि रिकाम्या फरशीवर बोट टेकवलं. थांबला. पुन्हा टेकवलं. आवाज येईना. मग तो एकाच जागी बोट दाबत राहिला. शिवयोगी जपाची माळ ओढत बघत होते. पोरगं आज एकटंच खेळतंय, सणाच्या दिवशी शहाण्यासारखं बसलंय, म्हणून त्यांना बरंसुद्धा वाटलं.

बऱ्याच वेळाने त्याने फरशीवर डोकं आपटायला सुरुवात केली.

त्यांनी भाकरी दिली, झोक्यात घातलं, दारात नेलं. दाक्षायणी आली तेव्हा पोराच्या कपाळावर टेंगूळ होतं आणि शिवयोगी त्याला छातीशी दाबून बसले होते. तिने आधी फळीकडे पाहिलं. मग पेला भरून त्याच्या तोंडाला लावला. तो घटाघटा प्यायला, श्वास न घेता, आणि लगेच दुसराही.

"पाणी मागत हुता, मामा," ती सासऱ्यांना म्हणाली.

तेव्हा कुठे शिवयोगींना ते फरशीवरचं बोट कळलं.

दसऱ्याच्या सकाळी तिने पाटी जागेवर ठेवली. शिवू आला नाही. तिने तांब्यावर बोट ठेवलं. "पाणी" ऐकताच त्याने दोन्ही हातांनी कान झाकले. मॅडमनीही नाना तऱ्हा करून पाहिल्या. मग म्हणाल्या, "पहिल्यापासून सुरू करू. कधी परत येतं, कधी नाही. मी खोटं सांगणार नाही."

दाक्षायणी रागावली नाही. तिने आरडाओरडा केला असता तर शिवयोगींना बरं वाटलं असतं. एकदाच तिने भाकरी थापता थापता, वर न बघता विचारलं, "मामा, तुमचा माग दुसऱ्या दिवशी चालू व्हायचा, व्हय?"

"व्हायचा."

तिने भाकरी तव्यावर टाकली.

आता शिवू पाण्यासाठी रडतही नाही. तेच शिवयोगींना सोसवत नाही. पूर्वी निदान रडायचा, तेव्हा त्याला काहीतरी हवंय एवढं तरी कळायचं. आता ते अंदाजाने पेला पुढे करतात. तहान असली तर तो पितो, नसली तर तोंड फिरवतो. पाटीच्या कडेला कुंकू अडकलंय, ते काडीने कोरूनही निघत नाही. तरी रोज सकाळी ते ती पुसून खांबापाशी ठेवतात.

परवा दुपारी त्यांनाच तहान लागली. पाण्याचं पिंप चार पावलांवर होतं, पण ते उठले नाहीत. त्यांनी पाटी ओढून घेतली आणि तांब्यावर बोट ठेवलं.

"पाणी," बाई म्हणाली.

शिवू भिंतीकडे तोंड करून झोक्याच्या दोरीचं टोक बोटाभोवती गुंडाळत होता. त्याने मान वळवली नाही. शिवयोगी थोडा वेळ थांबले आणि त्यांनी पुन्हा बोट ठेवलं.